आकाशधातू आणि धानाची बांधी

धान कापून बांधावर पुंजणे उभे राहिले की आमच्या भागात एका न विचारलेल्या प्रश्नाची उत्तरं ऐकू येऊ लागतात. एवढं धान दिलं कोणी? शेजारचे काका म्हणतात, देवानं दिलं. कृषी केंद्रातला माणूस म्हणतो, बियाण्यानं दिलं, संकरित घेतलं म्हणून दिलं. माझा भाऊ म्हणतो, मी पिकवलं. आणि त्याचे हात पाहिले की त्याला खोडून काढावंसं वाटत नाही. मी कन्हानला शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. आमचं घर बौद्ध. जगाचा कर्ता ईश्वर नाही, हे मी पाढे पाठ होण्याआधी ऐकलं होतं. पण एवढं म्हटल्यानं प्रश्न मिटत नाही, उलट तिथूनच तो सुरू होतो. मग कर्ता कोण, बी की माणूस? की कर्ता शोधायला निघणंच चुकीचं?

बौद्ध साहित्यात या प्रश्नाला वाहिलेलं एक अख्खं सूत्र आहे, आणि ते धानाच्या रोपावरच आहे. त्याचं नाव शालिस्तंब सूत्र. गृध्रकूट पर्वतावर मुक्काम असताना बुद्धांनी धानाच्या रोपाकडे पाहिलं, भिक्खूंना थोडकंच काही सांगितलं आणि ते गप्प झाले. सांगण्याचा आशय असा होता की ज्याला प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे कारणं जुळून आली की गोष्टी उपजतात हे, दिसलं त्याला धम्म दिसला, आणि धम्म दिसला त्याला बुद्ध दिसला. सारिपुत्ताला याचा उलगडा होईना. तो मैत्रेय बोधिसत्त्वाकडे गेला. पुढचं सगळं सूत्र म्हणजे मैत्रेयाचं उत्तर. मूळ संस्कृत ग्रंथ सलग उरलेला नाही. तिबेटी आणि चिनी भाषांतरं आहेत, आणि चंद्रकीर्ती, शांतिदेव यांच्यासारख्या आचार्यांनी आपल्या ग्रंथांत घेतलेले लांबलचक उतारे आहेत. त्यांच्या आधारानं ते आज वाचता येतं.

मैत्रेय अगदी शेतकऱ्यासारखा बोलतो. बियापासून अंकुर, अंकुरापासून पान, मग कांडं, मग पोटरी, कुसळ, फुलोरा आणि शेवटी दाणा. बी नसेल तर अंकुर नाही, हे झालंच. पण एकटं बी पुरत नाही. आणखी सहा गोष्टी जुळून याव्या लागतात. पृथ्वी बियाला धरून ठेवते. पाणी त्याला भिजवतं. तेज, म्हणजे ऊब, त्याला पक्व करतं. वायू त्याला वर काढतो. ऋतू त्याच्यात बदल घडवतो. आणि आकाश त्याला अडवत नाही. अंकुर मी आणला असं यांपैकी कोणालाच वाटत नसतं, आणि मला यांनी आणलं असं अंकुरालाही वाटत नसतं. तरी सगळं जुळलं तर अंकुर येतो. एक उणं पडलं तर येत नाही.

बुद्धांची नजर शेतावर किती होती, याचा दाखला विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातही आहे. मगधातली धानाची शेतं, त्यांचे आडवे-उभे बांध, मधले चौकोन पाहून त्यांनी आनंदाला विचारलं की भिक्खूंची चीवरं अशी शिवता येतील का. आनंदानं तशी शिवली. आजही चीवराचे तुकडे त्याच रीतीनं जोडतात. नदीपलीकडे कामठीला ड्रॅगन पॅलेसच्या विहारात कोणी भन्ते दिसले तर त्यांच्या चीवराच्या शिवणी नीट पाहा. त्यांच्या अंगावर बांध्याच आहेत.

माती, पाणी, ऊन, वारा आणि हंगाम ही पाच कारणं कन्हान-पारशिवनीच्या शेतकऱ्याला शिकवायला नकोत. सहाव्यापाशी मात्र मी अडत असे. आकाश अडवत नाही, हे कारण कसं काय झालं? जे काहीच करत नाही त्याला कारणांच्या पंगतीत का बसवायचं? भिक्खूंना विचारलं, पुस्तकं वाचली. त्यातून शब्द कळले. गोष्ट कळली ती माझ्या भाच्याच्या पेरणीत.

आमची शेती पारशिवनी तालुक्यात, पेंचच्या कालव्याखाली. वर मध्य प्रदेशात चौराईचं धरण झाल्यापासून पेंचच्या पाण्याची ओढाताण सुरू झाली. रोवणीच्या धानाला पाणी फार लागतं. आधी पऱ्हे टाकायचे, बांधी भरायची, चिखलणी करायची, मग रोवणी. पाऊस लांबला की पऱ्हे वाफ्यातच म्हातारे होतात. म्हणून शेतकी शिकलेल्या भाच्यानं थेट पेरणी धरली. चिखल नाही, पऱ्हे नाहीत. कोरड्या किंवा ओलसर जमिनीत यंत्रानं दोन-तीन सेंटीमीटर खोल बी टाकायचं, ओळीत. थेट पेरणी आपल्याकडे नवी नाही. जुनी माणसं आवत्या करत, मुठीनं बी फेकत. पण आवत्याचं बी घरचं असे, आणि सढळ हातानं टाकलं जाई. आताचं बी संकरित, विकतचं, महाग.

भावाला एकरी चाळीस किलो टाकायचं होतं. भाचा आठ किलोवर अडून बसला.

"एवढुशानं बांधी झाकते का? उगवलं नाही त मंग का करशीन?" भाऊ म्हणाला.

"बाबा, हे बी फुटते. याले जागा पाह्यजे. आत्या, तूच सांग यायले."

मी हिशेब मांडला. हजार दाण्यांचं वजन साधारण २५ ग्रॅम धरलं तर एकरी आठ किलो म्हणजे चौरस मीटरला ऐंशीच्या आसपास दाणे. चाळीस किलो म्हणजे चारशेच्या जवळ. रोवणीत २० बाय १५ सेंटीमीटरवर लावलं तर चौरस मीटरला तेहतीस ठिकाणं होतात, एकेका ठिकाणी एक-दोन रोपं. म्हणजे भाच्याचे आठ किलोही रोवणीच्या हिशेबानं कमी नव्हते. दोघांचं एकमत झालं नाही. शेवटी मोठ्या बांध्यांत भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे यंत्र चाललं, आणि कालव्याकडच्या एका बांधीत भावानं हातानं दाट फेकलं.

पुढचे महिने मी त्या दोन्हींकडे विज्ञानाच्या बाईच्या नजरेनं पाहत होते, आणि हळूहळू दुसऱ्याही एका नजरेनं. धानाच्या रोपाला चौथं पान निघतं त्या सुमारास बुडातून पहिला फुटवा येतो. पुढे फुटव्यांना फुटवे येतात. संकरित धानाचा हा मोठा गुण. पण फुटवा येतो तो बुडाशी उजेड पोचतो तोवरच. पानं एकमेकांवर आली, खाली सावली झाली की रोप फुटवे थांबवतं, आणि आलेल्यांतलेही काही वाळून जातात. विरळ बांधीत एकेका रोपानं चार-चार, पाच-पाच लोंब्या धरल्या. दाट बांधीत बहुतेक रोपांना एकच लोंबी, तीही आखूड. काही रोपांना एकही नाही. चौरस मीटरमधल्या लोंब्या मोजल्या तर दोन्हीकडे जवळपास तेवढ्याच, तीनशेच्या आगेमागे. पोतीही तशीच भरली. दाट बांधीत उलट पळींज जास्त निघाले. काड्या बारीक होत्या, म्हणून परतीच्या पावसात एक कोपरा लोळला. दाटीत हवा खेळत नाही, बुडाशी ओलावा कोंडतो आणि तुडतुडा तिथंच आधी बसतो. औषध फवारणीचं कामही त्याच बांधीनं वाढवलं. बी पाचपट लागलं, धान तेवढंच झालं.

हे आमच्याच बांधीत घडलं असं नाही. जपानात ओसाकाला तात्सुओ किरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात हेच मांडलं. एका मर्यादेपुढे रोपांची संख्या कितीही वाढवा, जमिनीच्या तुकड्यावरचं एकूण वजन तेच राहतं. रोप मात्र त्या प्रमाणात लहान होत जातं. शिनोझाकी आणि किरा यांचा त्यावरचा गणिती लेख १९५६ चा. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो माणसांना धम्मदीक्षा दिली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण माझ्या मनात त्या शेजारी बसल्या आहेत आणि आता उठत नाहीत.

कारण त्या दोन बांध्यांत बी एकच होतं.

इथं मला थांबून नीट सांगायचं आहे. संकरित धानाचं बियाणं दोन शुद्ध वाणांच्या संकरातून तयार होतं. चीनमध्ये युआन लाँगपिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९७० साली हैनान बेटावर नरवंध्य रानधान सापडलं, आणि त्यावरून उभं केलेलं संकरित धान १९७६ पासून तिकडे मोठ्या प्रमाणावर पेरलं जाऊ लागलं. भारतात पहिले संकर १९९४ मध्ये आले, महाराष्ट्रात कर्जतच्या संशोधन केंद्राचं 'सह्याद्री' त्यानंतर काही वर्षांनी. या बियाण्याचं वैशिष्ट्य असं की पिशवी शुद्ध असेल तर तिच्यातला प्रत्येक दाणा जन्मानं सारखा. आई तीच, बाप तोच, आणि दोघंही शुद्ध, म्हणून वारशात भेद नाही. घरच्या, सरमिसळ झालेल्या वाणाच्या शेतात एखादं रोप खुजं राहिलं तर म्हणता येईल, बीच तसं असेल. संकरिताच्या बांधीत ते म्हणायची सोय नाही. तिथं खुजं रोप आणि पाच लोंब्यांचं रोप यांच्यात जन्माचा तिळाएवढा फरक नसतो. फरक असतो जागेचा. एक ढेकळाखाली अडकलं आणि दोन दिवस उशिरा वर आलं. तोवर शेजाऱ्यानं उजेड घेतला. उजेड घेतलेला आणखी वाढला आणि आणखी सावली पाडू लागला. दोन दिवसांचा फरक ऑक्टोबरपर्यंत आयुष्याचा फरक झाला.

आणि तरीही दाट बांधीजवळून जाणारा माणूस काय म्हणतो? "बी खराब दिसते." मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

हेच वाक्य आमच्या पिढ्यांना ऐकावं लागलं आहे. यांचं रक्तच तसं, यांची जातच तशी, यांच्या डोक्यात शिकणं बसत नाही. माझी माय दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवणीला जाई. तिला शाळा मिळाली नाही, आणि शाळा मिळाली नाही म्हणून तिला अडाणी म्हणणारे तेच होते ज्यांच्या सावलीखाली ती उभी होती. त्यांना जन्म दिसला, जागा दिसली नाही. प्रतीत्यसमुत्पाद ज्याला दिसत नाही त्याचं असंच होतं. तो समोरचं खुजेपण पाहतो आणि त्याचं मूळ त्या रोपाच्या पोटात शोधतो. खरं तर खुजेपणाला पोट नसतं. ते माती, पाणी, ऊब, वारा, हंगाम आणि मोकळी जागा यांच्या जुळण्यात, नाही तर न जुळण्यात असतं. मैत्रेयानं आकाशाला सहांत बसवलं ते यासाठी, असं आता मी मानते. अडवणूक होत नसते तेव्हा ती दिसत नाही, म्हणून तिचं नसणं कारण म्हणून कोणी मोजत नाही. अडवलं गेलेल्यालाच ते कारण कळतं.

जबलपूरच्या रस्त्यानं कन्हानहून निघालं की पुढे मनसर लागतं, आणि रामटेकच्या परिसरात नागार्जुनाच्या नावाची टेकडी आहे. तिबेटी परंपरा आचार्य नागार्जुनांचा जन्म विदर्भातला सांगते. त्यांच्या मूलमध्यमककारिकेची सुरुवातच या विचारानं होते की कोणतीही वस्तू स्वतःपासून उपजत नाही, दुसऱ्यापासून नाही, दोन्हींपासून नाही आणि विनाकारणही नाही. ते वाचताना पूर्वी मला वाटे, मग उरलं काय? बांधीत उभं राहिलं की वेगळं दिसतं. धान बियानं दिलं म्हणावं तर तेच बी दाटीत देत नाही. जमिनीनं दिलं म्हणावं तर बियाशिवाय जमीन गवत देते. दोघांनी मिळून दिलं म्हणावं तर हंगाम चुकला की दोघंही हात वर करतात. आणि आपोआप आलं म्हणण्याची हिंमत शेतात राबलेल्या कोणाची होणार नाही. त्याच ग्रंथाचं पाचवं प्रकरण धातूंची, म्हणजे मूलतत्त्वांची, परीक्षा करतं, आणि तिथं उदाहरणाला घेतलेला धातू आकाशच आहे. आचार्य म्हणतात त्याचा भाव असा की आकाशाला एक वस्तू समजू नका, आणि काहीच नाही असंही समजू नका. दोन ओळींमधल्या वीस सेंटीमीटरांबद्दल याहून नेमकं मला काही सुचत नाही.

अभिधर्माच्या पंडितांनीही न अडवण्याला कारणांत गणलं आहे. वसुबंधूंच्या अभिधर्मकोशभाष्यात त्याला गावकऱ्यांचा दृष्टान्त आहे. धनी त्रास देऊ शकत असूनही देत नाही, म्हणून गावकरी म्हणतात की धन्यामुळे आम्ही सुखी आहोत. विचार खोल आहे, दृष्टान्त मला पटत नाही. आमच्या भागानं मालगुजार पाहिले आहेत. ज्याच्या मनावर आपलं न छळलं जाणं अवलंबून आहे, त्याचे उपकार मानत जगणं म्हणजे मोकळी जागा नव्हे. बांधीतली जागा कोणा थोर रोपाच्या दयेवर सोडलेली नसते. ती पेरणीच्या आधी मोजून ठरवलेली असते.

ठरवलेली, हे महत्त्वाचं. १९६३ मध्ये योदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की फार दाटीत रोपं मरून आपोआप विरळ होत जातात, आणि त्यालाही एक नियम आहे. असे नियम हाती आले की काही लोकांना मोठं समाधान वाटतं. ते म्हणतात, पाहा, निसर्गातच दुबळा मरतो. मी वर्गात मुलांना सांगत असे आणि इथंही सांगते, हे शास्त्र नाही, शास्त्राच्या नावावर केलेली लबाडी आहे. मेलेलं रोप दुबळं नव्हतं. ते शेजाऱ्याच्या बरोबरीचं होतं. आणि दाटी निसर्गानं केली नव्हती. दाटी पेरणाऱ्यानं केली. किती बी टाकायचं हा निर्णय जूनमध्ये कोणाच्या तरी मुठीत असतो. पुढे जे मरतं ते त्या निर्णयानं मरतं.

मग जितकं विरळ तितकं चांगलं का? तेही नाही. मोकळी जागा मोकळी राहत नाही. तिथं सावा येतो, लव्हाळा येतो. रोवणीच्या बांधीत पाणी उभं असतं आणि रोप महिनाभराचं होऊनच येतं, म्हणून तण मागे पडतं. थेट पेरणीत धान आणि तण एकाच दिवशी जन्मतात. फार विरळ पेरलं तर उशिरा आलेले फुटवे उशिरा पिकतात, कापणीच्या दिवशी अर्ध्या लोंब्या हिरव्या. मादागास्करला आँरी द लॉलानिए नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्रीनं १९८३ साली एकेक कोवळं रोप २५-२५ सेंटीमीटरवर लावून भरघोस पीक घेतलं, पण तिथं निंदणाला हात होते आणि रोपं लावलेली होती, पेरलेली नव्हती. मध्यम मार्ग म्हणजे दोन आकड्यांची सरासरी नव्हे. जमीन, वाण, पेरणीचा दिवस, तणाचा जोर यांनुसार तो सरकतो. भाच्याचे आठ किलो कालव्याच्या ओलिताखाली ठीक होते. जिथं पाण्याचा भरवसा नाही आणि बांधी सपाट नाही तिथं दहा लागतील. जे आहे ते पाहून ठरवावं लागतं, आणि पाहणं हेच तर त्या सूत्रात सांगितलं आहे.

सूत्रातला आणखी एक मुद्दा मला बराच काळ सोडत नव्हता. मैत्रेय म्हणतो की लहानशा कारणातून मोठं फळ येतं, आणि जसं बी तशा जातीचं फळ. पहिलं संकरित धान डोळ्यांपुढे सिद्ध करतं. दुसरं मोडतं की काय? संकरिताचा दाणा पुन्हा पेरला तर पुढची पिढी सारखी येत नाही. काही उंच, काही ठेंगणी, काही आधी पिकणारी. बी जपता येत नाही, दर साली विकत घ्यावं लागतं. माझा निष्कर्ष असा की सूत्र मोडत नाही. दोन आज्या-आजोबांचा वारसा नातवंडांत वेगवेगळा वाटला जातो, तोही कारणांचाच खेळ आहे. पण शेतकऱ्याच्या हातून एक धागा सुटतो, हे खरं. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये पटेल ३ या वाणाच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, बी जपलं, वाढवलं, आणि त्यातून एचएमटी धान आलं. जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेला, दीड एकराचा धनी. बी शेतकऱ्याच्या घरी जपलं जात होतं म्हणून ते शक्य झालं. संकरित पेरणाऱ्या घरांनीही एखादी बांधी घरच्या बियाची ठेवावी, असं मला वाटतं.

आता ज्या गोष्टीनं मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं तिच्याकडे येते. थेट पेरणीनं पाणी वाचलं, चिखलणीचं डिझेल वाचलं. आणि रोवणीची मजुरी वाचली. कोणाची? माझ्या मायसारख्या बायांची. आषाढाचे ते दिवस म्हणजे या भागातल्या भूमिहीन बाईचा वर्षातला हक्काचा रोजगार. पाण्यात पाय सडतात, कंबर मोडते, हे मला कोणी सांगायला नको. मायच्या पायांच्या बेचक्यांना मी तेल लावलं आहे. ते काम तिच्या नातीच्या वाट्याला यावं असं मी कधीच म्हणणार नाही. पण रोवणी करता करता मागे सरकणाऱ्या त्या बाया जे अंतर सोडत ते कोणत्याही पट्टीशिवाय एकेक वीत भरायचं. दाटी किती हवी हे ज्ञान त्यांच्या हातात होतं. आता ते यंत्राच्या चकतीत गेलं, आणि चकती फिरवणारा पुरुष आहे. धान कोणामुळे आलं याची यादी मांडताना त्या बायांना कोणी कधी मोजलं नाही, आणि आता तर त्या बांधीतही दिसणार नाहीत. प्रतीत्यसमुत्पाद मानणाऱ्या माणसाला हे चालवून घेता येणार नाही. ज्या कारणाला आपण वगळतो त्याचं पुढे काय झालं, हे पाहणंही आपल्यावर येतं.

बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. तेव्हा सगळे म्हणत, तुकडे जोडा, शेतं मोठी करा. बाबासाहेबांनी वेगळं सांगितलं. शेत लहान की मोठं हे नुसत्या आकारावरून ठरत नाही. त्यावर राबणारी माणसं, भांडवल, अवजारं यांच्याशी त्याचं प्रमाण पाहावं लागतं. शेतीवर पोट भरणारी माणसं गरजेपेक्षा जास्त आहेत, त्यातले कितीतरी हात रिकामे आहेत, आणि त्यांना शेताबाहेर काम मिळणं हाच उपाय, म्हणजे उद्योग. दाट बांधी पाहिल्यावर मी तो निबंध पुन्हा वाचला. बाबासाहेबांना रोपं उपटून फेकायची नव्हती. त्यांना जास्त जमीन उजेडात आणायची होती. माझे वडील कामठी परिसरातल्या कोळसा खाणीत लागले तेव्हा आमच्या घराला पहिल्यांदा जागा मिळाली. त्या पगारावर मी शिकले. वडिलांचं बी आणि त्यांच्या भावांचं बी एकच होतं.

म्हणून जे शेतकरी यंदा थेट पेरणी करणार आहेत त्यांना माझं सांगणं आहे. संकरित धान एकरी आठ-दहा किलोच टाका. जमीन आधी सपाट करा. पेरल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात तणाकडे दुर्लक्ष करू नका, आणि सगळं तणनाशकावर सोडू नका. निंदणाला त्याच बायांना बोलवा ज्या कालपर्यंत तुमच्याकडे रोवणीला येत होत्या. बियाण्याचे आणि चिखलणीचे जे पैसे वाचले त्यातून त्यांची मजुरी सहज निघते. आमच्याकडे भाच्यानं हे केलं आहे. गावात पेरणी यंत्र घ्यायची चर्चा बचत गटात चालली असेल तर ते चालवायला बायांनाच शिकवा. अंतर किती सोडायचं हे त्यांना आधीपासून येतं.